भिंतीवरचं शून्य

चार वाजेपर्यंत तिची सही हवी होती. कागदावर एकच वाक्य होतं: ‘औषध देणारा पंप चाचणीत बंद पडला तो माझ्या चुकीमुळे.’ सही केली की रुग्णांच्या यंत्रांसाठी कोड लिहिण्याचा तिचा परवाना जाणार होता.

चूक असेम्ब्लीतल्या, म्हणजे प्रोसेसरच्या थेट भाषेतल्या, चौदा ओळींत होती. ओळी तिच्याच. एक फेरी संपली की मागच्या लेबलकडे, म्हणजे ओळीला दिलेल्या खुणेकडे, परत जायचं, एवढंच त्यांचं काम. लेबलला तिने दोन हा आकडा दिला होता. टीमप्रमुखांनी, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तो बदलून एक केला.

“मोजायला दोनपासून कोण सुरुवात करतं गं?” ते तेव्हा म्हणाले होते.

कोड तपासून यंत्रासाठी तयार करणाऱ्या कम्पायलरने लगेच इशारा दिला होता: हे लेबल संदिग्ध आहे, ‘मागच्या एककडे जा’ याऐवजी नुसती शून्य-एकच्या भाषेतली संख्या वाचली जाईल; दोनचा असा गोंधळ होत नाही. तिने तो छापून अण्णांच्या टेबलावर ठेवला. पण दर शुक्रवारी भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर इशाऱ्यांचा आकडा शून्य दिसलाच पाहिजे, असा ऑफिसचा नियम. अण्णांनी फाइलच्या सुरुवातीला एक ओळ टाकली: इशारे दाखवू नयेत. फलक हिरवा झाला. पंप मात्र संख्या वाचून भलतीकडेच गेला.

साडेतीनला ती बदलांची नोंद घेऊन अण्णांसमोर उभी राहिली.

“ओळी तुझ्याच ना?”

“माझ्या. लेबल तुमचं. तारीख, वेळ, नाव, सगळं इथे आहे.”

“एका आकड्यासाठी केवढा तमाशा. सही कर, पुढचं मी सांभाळून घेतो.”

“कम्पायलरने सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. तुम्ही आम्हा दोघांची तोंडं बंद केलीत.”

ती जागेवर आली. अण्णांची ती ओळ आणखी कुठे आहे, ते शोधलं. त्रेसष्ट फाइलींत सापडली. सगळीकडची काढली आणि कोड पुन्हा कम्पाइल केला.

चारला पंप पाहायला हॉस्पिटलचे लोक आले, तेव्हा फलक लाल होता: तीनशे सोळा.

“हा आकडा कसला?” त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

अण्णा तिच्याकडे पाहू लागले. तिने सही न केलेला कागद अण्णांच्या हातात दिला.

“अण्णा सांगतील,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून ऐकायला बसली.