डोंगरची चाल

मका सोलता सोलता भांडण लागलं, आणि तेही आमच्यापैकी कुणी कधी न पाहिलेल्या माणसावरून.

चक्कीवाल्याच्या शेडमध्ये कणसांचा ढीग पडला होता. आम्ही आठ-दहा जण पाय पसरून बसलो होतो. बाहेर ऊन असं तापलं होतं, की वाटेवरची माती पीठ होऊन घोट्यापर्यंत येत होती. आत पत्र्याखाली अंग घामेजलं होतं आणि मक्याचे केस हातांना चिकटत होते. अशात नांगरकाकांच्या नातीनं मोबाईलवर वर्तमानपत्र उघडलं. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी बसल्याचं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मात्र बसली होती. तिच्या जिवाचा सिनेमा आठ दिवसांवर आला होता.

सिनेमा ढगांच्या मुलखातला होता. एका राजकन्येला पाठीवर घेऊन एक महाकाय प्राणी तो मुलूख ओलांडतो. त्याच्या पाठीवर झाडं उगवलेली, झाडांत पाखरं बसलेली. पण हा प्राणी चालतो कसा, तर नांगरकाकांच्या डोंगर नावाच्या बैलासारखा. म्हणजे त्याची चाल आमच्या डोंगरचीच. वर्षापूर्वी सिनेमावाले याच शेडमध्ये येऊन, त्याच्या अंगावर गोळे लावून, कॅमेऱ्यांनी ती टिपून घेऊन गेले होते. तेव्हापासून हा सिनेमा अख्ख्या गावाचा झाला होता.

वर्तमानपत्राच्या समीक्षकानं तो आधीच पाहिला होता. भिंगरीनं वाचून दाखवलं. राजकन्या बरी, ढग सुंदर, पण ज्या नव्या तंत्राचा एवढा गाजावाजा झाला तेच फसलं, असं त्याचं म्हणणं. हा प्राणी पुढचा उजवा पाय टेकवला न टेकवला तोच उचलतो. यंत्राला एका पायाची चाल नीट पकडताच आलेली नाही.

न्हावी हातातलं कणीस टाकून उठलाच. फुकटात बघायचं आणि वर नावं ठेवायची, हा कुठला धंदा, असं तो म्हणाला. हा माणूस आयुष्यात बैलाच्या मागून चार पावलं तरी चालला असेल का, असंही त्यानं विचारलं. चक्कीवाल्याचं मत वेगळं होतं. पूर्वी कातड्याच्या सोंगात दोन माणसं शिरायची, पुढचा पुढचे पाय चालवायचा, मागचा मागचे, आणि आपण ते खरं मानायचो. आता एवढी यंत्रं आणून काय मिळालं, तर लंगडा हत्ती. मग त्यानं हळूच एक टोमणा सोडला. सिनेमावाले दोन बैल बघून गेले होते. दुसरा त्याचा होता.

"माझा बैल नेला असता तर सरळ चालला असता."

नांगरकाका कणसाची सालं एकेक करून सोलत राहिले. एरवी ते एका हिसक्यात सोलायचे.

मग भिंगरीनं सगळ्यांना गप्प केलं. ती म्हणाली, "गुरुजींनी आम्हाला शिकवलंय. अंगावर लावलेला गोळा कुठून कुठे गेला, तेवढंच यंत्र टिपतं. स्वतःचं काही घालत नाही, काही लपवत नाही. म्हणजे यंत्र चुकलं नाही. आणि आपला डोंगर तेव्हा लंगडत नव्हता. मग खोटं कोण बोलतंय?"

"समीक्षक," न्हावी म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. ते गुरुजी म्हणजे मीच; कोड्याचं उत्तर पायरीपायरीनं काढायचं, हेही मीच तिला शिकवलं होतं. पायऱ्या बरोबर होत्या. पण कोड्यातच एक गोष्ट चुकीची दिली होती, आणि ती चुकीची आहे हे त्या शेडमध्ये दोघांना माहीत होतं.

वर्तमानपत्राला पत्र लिहायचं ठरलं. मजकूर भिंगरीचा, खाली गावाच्या सह्या, पहिली सही बैलाच्या मालकाची. शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे आलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती कागद देऊन गेली. अक्षर नीटनेटकं होतं. समासही सोडला होता. 'आमचा डोंगर चित्रीकरणाच्या वेळी ठणठणीत होता. त्यानंतर पंधरा दिवसांनी शेतात दगड लागून त्याचा पाय अधू झाला. आपण चांगल्या बैलाची आणि चांगल्या यंत्राची बदनामी केली आहे.' मी लाल पेन उघडलं. एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. मग पेन हातात तसंच राहिलं. चाळीस वर्षं वह्या तपासल्या, पण वेलांटी दुरुस्त करायची आणि वाक्य तसंच सोडायचं, असं कधी केलं नव्हतं.

मी कागद घेऊन गोठ्यावर गेलो. नांगरकाका डोंगरला खरारा करत होते. डोंगर उजवा पाय जरा पुढे काढून उभा होता. त्या पायाचा खूर वाकडा वाढला होता. त्यांनी कागद घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला.

"गुरुजी, चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी तुम्ही इथं आला होतात."

"आलो होतो."

"मी काय करत होतो ते पाहिलं होतंत."

"पाहिलं होतं."

त्यांच्या हाताला तेव्हा मेण आणि काजळी लागली होती. त्याआधी दोन दिवस नांगराच्या फाळाचं टोक डोंगरच्या खुराच्या बेचक्यात शिरलं होतं. ती जखम ते मेणानं बुजवत होते आणि वरून काजळी फासून खुराच्या रंगात रंग मिळवत होते. मी विचारलं, तेव्हा साधी भेग आहे म्हणाले. मला भेग आणि जखम यातला फरक कळतो.

"मग बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

मी सांगितलं. सिनेमावाल्यांनी माझ्या मुलांना चित्रीकरण बघायची परवानगी दिली होती. आठवडाभर मी त्यांना तयार केलं होतं, गोळे काय, कॅमेरे काय, फळ्यावर आकृत्या काढून. मी तोंड उघडलं असतं, तर सगळं रद्द झालं असतं. किंवा चक्कीवाल्याचा बैल आणला असता. तेवढं खरं तर चाललं असतं, पण तेव्हा ते सुचलं नाही. मुलं शेडच्या भिंतीला रांगेनं बसली होती आणि मी त्यांना बोटानं दाखवत होतो, बघा, हे यंत्र काही लपवत नाही.

नांगरकाका खाली बसले.

"तुमचं निदान मुलांसाठी होतं. मला फक्त माझाच बैल दिसायला हवा होता. चक्कीवाल्याचा नको, माझा." ते थांबले. "सिनेमावाल्यांनी याच्याकडून चाळीस फेऱ्या घेतल्या. विसाव्या फेरीला हा थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी जीभ टाळूला लावून टक केलं. एवढंच. वासरू असल्यापासून त्याला माहीत आहे, टक केलं की चालायचं. तो चालला. पुढच्या वीस फेऱ्या तो माझ्या शब्दावर चालला, गुरुजी. नंतर पायात पू झाला, तेव्हा मी दगडावर ढकललं."

डोंगरनं त्यांच्या खांद्याला नाक लावलं. त्यांनी ते बाजूला केलं नाही, पण हातही फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सह्यांसाठी सगळे जमले. मी कागद भिंगरीच्या हातात दिला. ती लाल खुणा शोधत होती. एकच दिसली तशी खूश झाली.

"आजोबा, पहिली सही तुमची."

नांगरकाकांनी पेन घेतलं नाही. उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मेण सांगितलं, काजळी सांगितली, दगडाचं खोटं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ते मला घ्यावं लागलं. मी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो, एवढंच मी म्हणालो.

न्हावी खाली बघत टाचेनं माती उकरत राहिला. चक्कीवाल्याकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या. आता त्याचा दिवस होता. त्यानं एक कणीस उचललं, परत ठेवलं.

"माझा बैल निवडला असता आणि त्याला लागलं असतं," तो म्हणाला, "तर मीही मेणच भरलं असतं."

भिंगरीनं आजोबांकडे न बघता विचारलं.

"किती फेऱ्या?"

"चाळीस."

"मी मोजत होते," ती म्हणाली. "भिंतीपाशी बसून. मोठ्यानं मोजत होते. मला मजा वाटत होती."

तिनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर नव्यानं लिहिलं. आम्हाला विचारलं नाही. लिहिलं होतं ते एवढंच: 'यंत्र चुकलेलं नाही. बैलाच्या पायाला जखम होती. ती आम्ही लपवली. तुम्हाला दिसली.' खाली नांगरकाकांनी सही केली, मग मी. तिनं कागद पुन्हा ओढून घेतला आणि आपलंही नाव घातलं. मी म्हणालो, तुझा यात काही दोष नाही. ती म्हणाली, "मोजत तर होते ना."

पत्र छापून आलं नाही. सिनेमा मात्र ठरल्या दिवशी आला. त्या दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गाव शहराकडे निघालं. न्हाव्यानं गाणं लावलं होतं, पण हळू आवाजात. भिंगरी जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती ट्रॉलीत सर्वांत पुढे उभी होती. मी जवळ गेलो, तर वाकून म्हणाली, "जाते, गुरुजी. तिथं डोंगरच्या ओळखीचं कुणीतरी असायला हवं."

ट्रॉली गेली. धूळ खाली बसली. नांगरकाका डोंगरला पाण्यावर घेऊन निघाले, मीही सोबत निघालो. तळ्याची सरळ वाट शेडच्या दारावरून जाते, पण वर्षभर डोंगर मागून वळसा घालून जायचा. मागचं गवत त्याला आवडतं, असं आम्ही सगळे म्हणायचो. त्या दिवशी वळणावर बाभळीच्या फांद्या तोडून टाकलेल्या होत्या. वळसा बंद होता. ज्या शेडमध्ये त्याला चाळीस फेऱ्या चालवलं होतं, तिच्या दारासमोर येताच डोंगर थांबला. मान वळवून त्यानं नांगरकाकांकडे बघितलं.

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता टक होईल.

टक न करता नांगरकाकांनी कासरा सैल सोडला आणि वाटेच्या कडेला बसले. मीही त्यांच्याशेजारी बसलो. शहरात तेव्हा पडदा उजळत असेल. शेडची सावली हळूहळू लांबत आमच्या पायांपर्यंत आली. डोंगर उभाच होता. आम्हाला घाई नव्हती.