ही चाल रुपरावांची नाही

मी बुद्धिबळाचा पट बोलतोय. लाकडाचा नव्हे, कापडाचा. उमरेडला नत्थूजींच्या हातमागावर माझा जन्म झाला, लुगड्यांच्या उरलेल्या काळ्या-पिवळ्या सुतातून. विणताना नत्थूजी गप्पांत रंगले आणि माझ्यात आठाच्या जागी नऊ ओळी पडल्या. उसवायचा त्यांनी कंटाळा केला. मग नववी ओळ मेलेल्या मोहऱ्यांना मिळाली.

त्या गप्पा होत्या रुपरावांशी. हे काटोलच्या संत्रा बाजारातले दलाल. पुढे माग बंद पडला आणि नत्थूजी शहरात, मनीषनगरला मुलाकडे, वैभवकडे राहायला आले. तरी दर मंगळवारी रुपराव एसटीनं येत आणि माझी घडी उलगडली जाई. चाळीस वर्षं मी दोघांच्या कोपरांचा भार सोसला, सांडलेला चहाही सोसला.

खरं सांगतो, रुपराव अगदी वाईट खेळायचे. फुकटचं प्यादं दिसलं की त्यांना राहवत नसे. मागचापुढचा विचार न करता ते उचलत आणि मग हत्ती गमावून बसत. पण एक रीत त्यांनी कधी मोडली नाही. नत्थूजींचा वजीर माऱ्यात आला, की मारण्याआधी म्हणायचे, "वजीर पाह्य गा, नत्थू." नत्थूजीही तसंच करत. न सांगता वजीर मारणं दोघांनाही चोरीसारखं वाटे.

यंदा धंतोलीच्या दवाखान्यात नत्थूजींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिकडे रुपरावांचे गुडघे गेले. मग डाव फोनवर सुरू झाला. रुपरावांना ऐकू कमी येई, म्हणून त्यांची नात गुंजन रोज एक चाल लिहून पाठवायची. नत्थूजींची सून सोनिका ती वाचून मोहरा सरकवायची आणि त्यांची उलट चाल कळवायची.

एका सकाळी चालीऐवजी बातमी आली. रुपराव झोपेतच गेले. नत्थूजी तेव्हा आंघोळीला गेले होते. त्यांना धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. वैभव म्हणाला, सध्या सांगायला नको. सोनिका डोळे पुसून माझ्याजवळ बसली. फोनमधल्या कंप्युटरला तिनं डाव दाखवला आणि त्यानं सुचवलेली चाल रुपरावांची म्हणून खेळली. मला तिचा राग आला नाही. पण तेराव्या दिवशी तेरवी, तोवर मालकांना कळेल की नाही, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

ती चाल पाहून नत्थूजी माझ्यावर वाकले. मग म्हणाले, "रुपराव सुधरून राहिला." पलीकडचे मोहरे आता शिस्तीत उभे राहू लागले होते. घाई नाही, हाव नाही, चूक नाही. चौथ्या दिवशी नत्थूजींनी मुद्दाम एक प्यादं उघडं टाकलं. कंप्युटरनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सहाव्या दिवशी दुसरं टाकलं, तेही तसंच राहिलं. तरी ते काही विचारेनात. रोज चाल सांगत, रोज उत्तराची वाट पाहत. विचारा ना मालक, असं मी मनात किती वेळा म्हणालो असेन.

चौदाव्या दिवशी त्यांनी आपला वजीर पलीकडच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला. दुसऱ्या सकाळी सोनिकानं हत्ती उचलला, वजीर मारला आणि नवव्या ओळीत ठेवून दिला. एक शब्दही न बोलता. तिला ती रीत माहीतच नव्हती.

नत्थूजींनी चष्मा काढला. "तेरवी कधी हाये वं, सोनिका?"

तिला रडू आवरेना. "परवा झाली, मामाजी."

"मले त्या प्याद्यावरच समजलं होतं," ते हळूच म्हणाले. "मी विचारलं नाही. विचारलं असतं त डाव संपला असता."

वैभवनं नंतर समजूत काढली. कंप्युटरला सोपं खेळायला सांगता येतं, तो मुद्दाम चुकतो, म्हणाला. नत्थूजींनी नकाराची मान हलवली. ठरवून केलेली चूक त्यांना नको होती.

आज त्यांनी मोहरे पिशवीत भरले आणि माझी घडी घातली. मला रुपरावांच्या घरी ठेवून येणार आहेत, म्हणून तुमचाही निरोप घेतो. मागणं एकच आहे. कुणाचा दोस्त गेला, तर त्याला त्याच दिवशी सांगा. त्याचं काळीज नाजूक असलं तरी सांगा, आणि त्याला रडू द्या.

चाळीस वर्षांत नत्थूजी काटोलला रुपरावांच्या घरी कधी गेले नव्हते. आज पहिल्यांदा जात आहेत.