लव्हिनाबाई डाइच बोलतात

स्ट्रोक येऊन बारा दिवस झाले तरी लव्हिनाबाईंच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द धड निघत नव्हता. वय एक्याऐंशी, इंग्लिश नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभर त्या काहीतरी बोलत आणि सगळ्यांना वाटे, बडबड. 'बोलणं निरर्थक, समज नाही,' असा शेरा फाइलमध्ये पडला. केअर होमचं जवळजवळ ठरलंच.

आसावरी इंग्लंडमधल्या त्या हॉस्पिटलच्या वॉर्डची नवी स्पीच थेरपिस्ट, मूळची पुण्याची. बुधवारी ती पलंगाशी बसली तेव्हा बाई पायथ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माय फीस सिन काल्ट."

आसावरीनं कान टवकारले. कॉलेजात असताना तिनं चार वर्षं जर्मन घोटलं होतं. पाय गार पडलेत! तिनं पाहिलं, तर पावलं उघडीच. मोजे चढवताच बाईंनी तिचा हात घट्ट धरला. "डेंकी."

पण हे पुस्तकातलं जर्मन नव्हतं. तिनं बाईंच्या शेजारणीला फोन लावला.

"अगं, लव्हिना मूळची अमेरिकेतली, ओहायोची," शेजारीण म्हणाली. "अमिश घरातली. घोडागाडीतून फिरतात ना, ते लोक. घरात डाइच बोलायचे, म्हणजे त्यांची जुनी जर्मन बोली. इंग्लिश ती शाळेत शिकली."

शेजारणीनंच ख्रिसमस कार्डावरून भाचीचा, व्हर्नाचा नंबर काढून दिला. व्हर्नाही बाईंसारखीच अमिश समाज सोडून बाहेर पडलेली, म्हणून तिच्याकडे फोन तरी होता.

आसावरी तडक वॉर्डच्या डॉक्टर पद्माकरांकडे गेली. "सर, त्यांचं इंग्लिश बोलणं गेलंय. भाषा नाही गेलेली."

"केअर होमची मीटिंग उद्या आहे, आसावरी. सिद्ध कसं करशील?"

"दहा मिनिटं द्या मला."

दुसऱ्या दिवशी टॅबलेटवर व्हर्नाचा चेहरा उमटला. "वी बिश्ट, लव्हिना?" कशी आहेस, असं तिनं विचारलं. बाई आधी रडल्या, मग सुटल्याच! आसावरीनं दिलेले प्रश्न व्हर्ना डाइचमध्ये विचारत होती: महिना, वार, घराचा नंबर, अंडं किती मिनिटं उकडायचं. व्हर्ना एकेक उत्तर इंग्रजीत सांगत गेली. एकही चुकलं नाही.

पद्माकरांनी हळूच इंग्रजीत विचारलं, "कुठे राहायचंय तुम्हाला?"

व्हर्नानं तोंड उघडायच्या आत बाई कडाडल्या, "हेम!"

त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही. पद्माकरांनी फाइल ओढून तो शेरा स्वतःच्या हातानं खोडला. आसावरीला हसू आवरेना.

तीन आठवड्यांनी ती बाईंना घरी पोचवायला टॅक्सीत बसली. प्रत्येक राउंडअबाउटला बाई हातवारे करत ड्रायव्हरला खणखणीत डाइचमध्ये रस्ता सांगत होत्या, आणि तो बिचारा बरोबर वळत होता.