माझं शून्य कुठे गेलं?

मी एक जुनी फळी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. लाकडाला कसला आलाय राग, असं तुम्हाला वाटत असेल, तर मित्रांनो, चार दिवस माझ्या जागी उभे राहून बघा. एका बेटावरच्या सुट्टी-केंद्रात, समुद्राकाठी, होड्यांच्या धक्क्याच्या तोंडाशी मी पंधरा वर्षं उभी आहे. ऊन खाते, खारा वारा खाते आणि मुलांची उंची मोजते.

मी मूळची एका होडीची. ती होडी वादळात खडकावर आपटून मोडली, तेव्हा नावाडीकाकांनी तिच्यातली सगळ्यात सरळ फळी निवडून घेतली. ती मी. नावाडीकाका म्हणजे या केंद्राची होडी चालवणारे. जिभेला धार, पण हात असे हलके की झोपलेलं मूल होडीतून उचलून काठावर ठेवतील तरी त्याला जाग यायची नाही. त्यांनी मला रंधा मारला, तेल पाजलं आणि माझ्या अगदी बुडाशी छिन्नीनं एक शून्य कोरलं. शून्यापासून वर आकडे. मला रोवली तिथे पायाशी एक काळी सपाट फरशी बसवली, शून्याला अगदी टेकून. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे फरशीवर वाऱ्यानं आणलेली वाळू झाडायची. दोन बोटं वाळू साचली, तरी काका म्हणायचे, "अरे, सगळ्या पोरांना फुकटची उंची वाटून राहिलाय का?"

माझ्या अंगावर दोन रेघा आहेत. हिरव्या रेघेखालच्या चिमुरड्यांनी काठावरच्या उथळ डबक्यांत खेळायचं. तिथे शंख वेचायचे, करंगळीएवढे मासे बघायचे, वाळूचे डोंगर करायचे. हिरवीच्या वर गेलेल्यांना काचेच्या तळाची होडी. आणि लाल रेघेच्या वर डोकं गेलं, तर पांढऱ्या पट्टीची सफर.

ही पांढरी पट्टी म्हणजे समुद्रात आत असलेला वाळूचा उंचवटा. ओहोटी लागली की होडी तिथे थांबते, मुलं शिडीनं पाण्यात उतरतात, पाय टेकून उभी राहतात. पाय टेकतात म्हणून तिथे तरंगतं जाकीट काढायचं आणि तोंड पाण्यात घालून रंगीत मासे बघायचे. सगळी सुट्टी एकीकडे आणि ती सफर एकीकडे, असं मुलं म्हणतात.

लाल रेघ कुणी मनानं ओढलेली नाही, मित्रांनो. इथे रोवण्याआधी काकांनी मला खांद्यावर टाकून पट्टीवर नेली होती. ओहोटीच्या पाण्यात मला सरळ उभी धरली, पाणी जिथवर आलं तिथे खिळ्यानं ओरखडा काढला. ओरखड्याच्या वर हनुवटीपासून डोक्यापर्यंतची एक वीत मोजली, त्यावर चार बोटं भरवशाची. तिथे लाल रेघ मारली. म्हणजे ती रेघ म्हणजे एका मुलाचा श्वास आहे. दुसरं काही नाही.

आणि या रेघेशी मोठ्या माणसांनी काय काय केलं म्हणून सांगू! एका मावशीनं भाचीच्या डोक्यावर असा बुचडा बांधला की जणू नारळच ठेवला. एका बाबांनी मुलाच्या बुटांत रुमालांच्या घड्या कोंबल्या. एक आजोबा तर मलाच दम देत होते, "चार बोटांनी काय होतंय? आमच्या वेळी कुणी मोजत नव्हतं!" मुलं खोटी नसतात हो. मुलं बिचारी टाचा टेकवून ताठ उभी राहतात आणि डोळे वर करून माझ्याकडे बघतात. टाचा उचलायला त्यांना शिकवतं कोण?

पूर्वी काका स्वतः मोजायचे, त्यामुळे कुणाची डाळ शिजत नसे. "मान वर केली म्हणून पाणी खाली जात नाही," एवढं एकच वाक्य ते बोलायचे, की समोरचा पोराचा हात धरून डबक्यांकडे वळायचा. मग केंद्रात नवे साहेब आले. साहेब तसे गोड बोलणारे. त्यांनी कामं वाटून दिली. काकांना सांगितलं, "तुम्ही होडीचं बघा. मोजायला मी माणूस देतो." आणि पिवळी टोपी घातलेली एक मुलगी माझ्याशेजारी आली. सगळे तिला टोपीवाली ताई म्हणायचे. हसरी होती, मन लावून काम करायची. रोज फरशी झाडायची. तिच्यावर माझा राग नव्हता. तेव्हा नव्हता.

या मोसमात एक कुटुंब पाच दिवसांसाठी आलं. आई, बाबा आणि तीन मुलं. थोरली तेरा वर्षांची, तिला धाकटी भावंडं ताई म्हणायची. मधला दहा वर्षांचा दादा. आणि शेंडेफळ सहा वर्षांची टिचकी. नावाप्रमाणेच टिचभर, पण बोलणं गावभर.

पहिल्या दिवशी ताई आणि दादा लाल रेघेच्या वर गेले. टिचकी उभी राहिली तर रेघ तिच्या डोक्याच्या वर, वीतभराला दोनच बोटं कमी एवढी. बाबांनी तिचे खांदे धरून वर ओढलं. टोपीवाली ताई हसून म्हणाली, "अहो, पोरगी आहे ती, रबर नाही. आमचे काका म्हणतात, मान वर केली म्हणून पाणी खाली जात नाही."

टिचकीनं ओठ काढला. काचेच्या तळाच्या होडीलाही नाही म्हणत दोन दिवस ती डबक्यांत बाळांबरोबर बसली आणि परत येणाऱ्या होडीकडे पाठ फिरवून शंख वेचत राहिली. दादा चिडवायचा, "आज आम्ही निळा मासा बघितला, एवढ्ढा! तुला काय मिळालं? गोगलगाय?"

"मला तुझा मासा नकोच," ती म्हणायची, आणि धावत येऊन माझ्यासमोर उभी राहायची. "बघ गं फळी, वाढले का?" दिवसातून चार वेळा. माझ्या लाकडातला ओलावा हलायचा हो. पण मी रेघ खाली घेणारी नव्हते.

तिसऱ्या दिवशी, होडी पट्टीवर गेलेली असताना, साहेब एका सुताराला घेऊन आले. मला न्याहाळून म्हणाले, "किती उघडीबोडकी दिसते! लोक हिच्याशेजारी फोटो काढतात. इथे एक छान चौथरा करा, अख्खं कुटुंब उभं राहील असा. कडेनं शिंपले लावा."

सुतारानं माझ्या पायाशी वाकून पाहिलं. "साहेब, वीतभर उंची धरली तर खालचे आकडे झाकले जातील."

"वरचे दिसतात ना? झालं तर मग."

ठोक ठोक करून त्यांनी माझ्या फरशीवर चौथरा बसवला. माझं शून्य अंधारात गेलं. रेघा जिथल्या तिथे होत्या, आकडे खरे होते, आणि तरी मी पहिल्यांदा खोटी झाले. मला कुणी खोडलं नाही, कुणी रंगवलं नाही. नुसती जमीन वर उचलली! आणि गंमत अशी की टोपीवाली ताई चौथऱ्यावर, मुलं चौथऱ्यावर, आईबाप चौथऱ्यावर. सगळेच वीतभर उंच झाले, म्हणून कुणीच उंच दिसेना.

चौथ्या दिवशी सकाळी टिचकी आली. सवयीनं उभी राहिली. लाल रेघ तिच्या डोक्याच्या दोन बोटं खाली होती.

"आई! आई गं! मी वाढले!"

टोपीवाली ताई चमकली. "अगं, परवा तर तू..."

"परवा ती रुसून पोक काढून उभी होती हो," बाबा म्हणाले. "आणि इथली हवा मानवलीय तिला. जेवते बघा कशी!"

आई हसली. तिनं टिचकीचा मुका घेतला. "माझं शेंडेफळ मोठं झालं गं बाई. आता तिघं मिळून जा." टोपीवाल्या ताईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. लाल रेघेकडे पाहिलं, मित्रांनो. खाली पाहिलं नाही. आणि तिनं टिचकीच्या मनगटावर लाल फीत बांधली.

मला तडकून दोन तुकडे व्हावंसं वाटलं. पंधरा वर्षांत मी एवढी कधी संतापले नव्हते. कुणी तरी चुकून लाथ मारून मला पाडावं, असं मनापासून वाटलं. पण सगळे आनंदात होते. त्यांचा फोटोसुद्धा माझ्याशेजारीच निघाला.

पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. कामं वाटल्यापासून काका धक्क्याच्या टोकाला होडीतच राहायचे, माझ्यापाशी फिरकत नसत. त्यांनी टिचकीला पाहून भुवया उंचावल्या. "एवढीशी?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "फळीनं पास केलं तिला!" काकांनी फीत पाहिली आणि म्हणाले, "फळीनं सोडलं असेल, तर माझी ना नाही. बस." ज्या माणसानं मला घडवलं, त्यानं माझ्या शब्दावर तिला होडीत घेतलं. याचा डंख मला अजून आहे.

पट्टीवर सगळ्यांनी जाकिटं काढली. बाबा दादाच्या नाकावर काचेचा चष्मा बसवत होते, काका शिडीपाशी एका दुसऱ्या मुलाला उतरवत होते. टिचकी आपली आपण उतरली. तिचे पाय वाळूला टेकले आणि पाणी तिच्या नाकावर आलं. बुडणारं मूल ओरडत नाही, मित्रांनो. हे लक्षात ठेवा आणि घरी मोठ्यांनाही सांगा. ते नुसतं वर बघतं. ताईला वाटलं, धाकटी मासे बघतेय. मग तिला दिसलं की टिचकीचे दोन्ही हात पाण्यावर थापट्या मारताहेत आणि तोंड वर येतच नाहीये. ताईनं झेप घेतली, हाताला लागली ती वेणी धरली आणि तिला वर खेचली.

होडी वेळेआधी परत येताना दिसली, तशी आई धावत सुटली. एक चप्पल माझ्यापाशीच राहिली. काकांनी टिचकीला उचलून आणलं तेव्हा ती खोकत होती, रडत होती, नाकातून पाणी गळत होतं. पण रडत होती, एवढं पुरे होतं. आईनं तिला छातीशी धरलं ती सोडेचना.

काका मात्र माझ्याकडे आले. डोळे लाल. "कुणी हलवली रेघ? कुणाची एवढी छाती झाली?" त्यांनी वितीनं वरून खाली मोजायला सुरुवात केली. वीत, वीत, वीत. आणि त्यांचा हात चौथऱ्यावर येऊन थांबला.

"शून्य कुठे आहे?" ते हळूच म्हणाले. मग धक्का दणाणला, "अरे, माझं शून्य कुठे गेलं?"

साहेब धावत आले. "काका, शांत व्हा. आपण लाल रेघ वीतभर वर घेऊ. चौथरा राहू द्या, लोकांना आवडलाय."

"आज चौथरा, उद्या त्यावर सतरंजी, परवा वाळू! दर वेळी रेघ वर नेणार? हा निघेपर्यंत होडी पाण्यात जाणार नाही."

आणि आता ऐका, माझा राग नेमका कुणावर आहे ते. धक्क्यावर दुपारच्या फेरीची रांग उभी होती. ती रांग साहेबांवर ओरडली नाही, काकांवर ओरडली! "आमची मुलं ताटकळलीत!" "आमच्या मुलाची उंची भरपूर आहे, आम्हाला सोडा!" "एका पोरीला नाकातोंडात पाणी गेलं म्हणून सगळ्यांची सुट्टी वाया घालवायची?" काका एकटे, समोर पंधरावीस मोठी माणसं. टोपीवाली ताई कोपऱ्यात रडत होती. काकांचा आवाज बसायला लागला.

तेव्हा आई उठली. टिचकीला तिनं थोरल्या ताईच्या मांडीवर दिलं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशीच चौथऱ्यापाशी आली आणि वाकून तिनं त्याची कड धरली.

"माझी पोरगी चार दिवसांत वीतभर वाढली असं मी मानलं," ती रांगेला म्हणाली. "आई असून मानलं. का? तर मला तसं हवं होतं. आता ज्यांना आपली मुलं खरंच केवढी आहेत ते बघायचंय, त्यांनी दुसरी बाजू धरा."

मग बाबा आले. मग टोपीवाली ताई, डोळे पुसत. मग रांगेतले ते मघाचे ओरडणारे गृहस्थ, मान खाली घालून. खिळे करकरले, शिंपले फुटले आणि चौथरा उलटा पडला. काकांनी गुडघ्यांवर बसून हातानं भुसा झाडला. पंधरा वर्षांत कुणी माझ्या शून्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

काकांनी सगळ्या रांगेला पुन्हा मोजलं. लाल फीत बांधलेली पाच मुलं त्या दिवशी काचेच्या तळाच्या होडीत गेली. त्यातलं एक त्याच गृहस्थांचं होतं. त्यांनी फीत सोडताना मुलाचा हात बराच वेळ धरून ठेवला.

शेवटी टिचकी आली, शालीत गुंडाळलेली. म्हणाली, "मला पण मोजा." ती फरशीवर उभी राहिली. रेघ होती तिथेच होती, तिच्या डोक्याच्या खूप वर. तिनं वर पाहिलं, आणि मला एक सणसणीत लाथ मारली.

"खोटारडी आहेस तू! सकाळी म्हणालीस मोठी झाले, आता म्हणतेस लहान!"

काका तिला समजवायला पुढे झाले, तर आई म्हणाली, "राहू द्या काका. बोलू दे तिला. तिला राग येणं बरोबर आहे."

मित्रांनो, ती लाथ मी मुकाट्यानं खाल्ली. मी फळी आहे, मला हात नाहीत; चौथरा मी ढकलू शकत नव्हते. पण तुम्हाला पाय आहेत, डोळे आहेत, तोंड आहे. कुणी तुम्हाला मोजायला उभं केलं, तर रेघेकडे बघायच्या आधी पायाखाली बघा. कुणी कौतुकानं म्हणालं, "अरे वा, एका रात्रीत केवढा झालास!" तर हसा, पण विचारा की शून्य कुठे आहे. आणि मोठी माणसं रागावली, तर रागावू देत. डबक्यातले शंख कुठे पळून जात नाहीत, पट्टीवरचे मासेही नाहीत. तुमची उंची तुमची तुम्ही वाढवाल, सावकाश, झोपेत, जेवताना, खेळताना. ती कुणाकडून उसनी घेऊ नका.

टिचकी, तू आणखी तीन वर्षांनी ये. तुझा राग तेव्हाही असला तर घेऊन ये. फरशी झाडलेली असेल.