बत्तीस इंची पत्रिका

ज्योत्स्नाने मोठ्ठा मॉनिटर घेतल्याची बातमी भडगावात त्याचं खोकं फुटायच्या आधीच फिरली. जळगावहून मोटारसायकलवर येताना नवरा हेमराज पुढे आणि ज्योत्स्ना मागे, अशी दोघांच्या मधे ते खोकं घट्ट धरून बसलेली. लोकांनी बघितलं आणि टीव्ही म्हणून ठरवूनही टाकलं. घरी पोचेपर्यंत दोघीतिघींनी मालिकेच्या वेळाही विचारून घेतल्या.

बत्तीस इंची मॉनिटर होता तो. स्वस्तातला. आता स्वस्तात मोठी वस्तू मिळाली की ती कुठे ना कुठे हात आखडता घेणारच. याने तो पायांत घेतला होता. टेबलाला धक्का लागला की हा बापडा डुलायचा. जवळून बघितलं तर अक्षरांच्या कडा दातेरी दिसायच्या. आणि रंगाच्या बाबतीत तर त्याच्यासारखा लबाड कोणी नव्हता. समोर बसलं की एक रंग, जरा बाजूला सरकलं की दुसराच.

पण ज्योत्स्नाचा त्याच्यावर जीव जडला. लग्नपत्रिकेची दोन्ही पानं शेजारी शेजारी, पुरी, एका वेळी दिसत होती. जळगावच्या प्रेसमध्ये इतकी वर्षं ती पत्रिका जुळवत आली होती, त्या सगळ्या एका चिमुकल्या पडद्यावर. वरचं बघायला गेलं की खालचं गायब. डोळे आणि मान दोन्ही कामातून गेले होते. शिवाय रोजची एसटी. दिवाळीनंतर तिने मालकाला सांगितलं, मी आता घरीच दुकान टाकते. मालक हसून म्हणाला, "टाका टाका. जमलं नाही तर या परत." तो 'परत' तिला फार लागला. मेले तरी जाणार नाही, असं तिने बसस्टँडपर्यंत चालता चालता ठरवून टाकलं.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान सुरू झालं. छपाई बाहेरून करून आणायची, जुळणी घरी. वाढदिवसाचे दोनचार बॅनर झाले, पण लग्नाची पत्रिका काही येईना. गावाची पत्रिका भिकन आबांच्या घराकडे बघून चालत होती. त्यांचं घर जिथे छापेल तिथे बाकीचे छापायचे. आणि आबांच्या नातीचं, दिपमालाचं लग्न ठरलं होतं. ही एक पत्रिका इथे झाली तर दुकान उभं राहणार होतं. नाही झाली तर मालकाचं ते हसू पुन्हा बघावं लागणार होतं. एवढं सरळ होतं ते.

म्हणून आबा स्वतः पत्रिका बघायला येतो म्हणाले, तेव्हा ज्योत्स्नाने सकाळपासून खोली दोनदा झाडली.

या घराची पत्रिका बघायची एक रीत होती. एकट्याने बघायची नाही. सगळे भाऊ यायचे, मानाप्रमाणे बसायचे, नावं बघायचे, आणि शेवटी आबा मान हलवायचे. आबांची मान हलली की छपाई. जळगावच्या प्रेसमध्येही ते असेच यायचे. आबा कागद हात लांब करून धरायचे, "हं" म्हणायचे आणि मान हलवायचे.

दुपारी सगळे आले. मानाची जागा म्हणून आबा भिंतीकडच्या खाटेवर बसले. मधले भाऊ सुकदेव नाना खाली सतरंजीवर. धाकटे कौतिकभाऊ दाराशी. त्यांचा मुलगा अभिमन चौकटीला टेकून उभा. सगळे अगदी रीतीप्रमाणे बसले, आणि पडद्यासमोर नेमकं कोणीच बसलं नाही. तिथे ज्योत्स्नाची खुर्ची होती, आणि ती काम करणाऱ्याची जागा.

तिने पत्रिका उघडली. मरून रंग, सोनेरी वेल, मधे गणपती. तिला स्वतःलाच बघून बरं वाटलं.

"हाई तं काया दिखस," सुकदेव नाना सतरंजीवरून म्हणाले. "लगीनले कोन काया पत्रिका छापस?"

"काया कोठे, नाना?" कौतिकभाऊ दाराशी बसून म्हणाले. "गुलाबी शे. बारसानी वाटस."

"मी मरून सांगेल व्हतं," खाटेवरून आबा म्हणाले. "हाऊ तं वांगाना रंग शे."

झालं. काळा, गुलाबी, वांगी. तीन भाऊ तीन रंगांवर अडून बसले. आपल्याला दिसतंय ते खरं, असं प्रत्येकाचं म्हणणं, आणि प्रत्येकाला तसंच दिसतही होतं. आवाज चढले. चहा निवला. मग अभिमन हसत म्हणाला, "आबा, तुम्हना चष्मा बदला आते."

आबांचा चेहरा पडला. एवढं रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ते खाटेवरून उठलेच. "चला रे. जयगावले प्रेसमा जाऊत. तठे असा घोळ नही व्हत."

ज्योत्स्नाला वाटलं, उजेडाला दोष द्यावा, विजेला द्यावा, नाहीतर गप्प बसावं. मॉनिटर वाईट आहे हे गिऱ्हाइकाला आपल्या तोंडाने कोण सांगतं? पण सगळे एकमेकांच्या डोळ्यांवर घसरले होते, आणि ते तिला बघवेना. ती उठून उभी राहिली.

"आबा, कोनाच डोयामा दोष नही. दोष मन्हा पडदाना शे. स्वस्तमा लिधा मी. समोर बसनारलेच खरा रंग दिखस. बाजूले बसनारले तो फसाडस." तिने टेबलावरचे छापून आणलेले रंगांचे तुकडे आबांच्या हातात दिले. "रंग हाऊ पडदावर ठरावूच नका. उन्हमा कागदवर देखा. पन नावं देखाले आठे बसा. मन्ही खुर्चीवर."

आबा दाराबाहेर गेले. उन्हात तुकडे उलटसुलट केले. एक बोटाने दाबून धरला. मरून. कौतिकभाऊंनी आणि नानांनीही तोच धरला. रंगाचं भांडण अंगणात संपलं.

मग आत येऊन आबा तिच्या खुर्चीवर बसले. ज्योत्स्नाने अक्षरं मोठी केली. अजून मोठी केली. एक ओळ पडदाभर झाली तेव्हा आबा एकदम पुढे वाकले आणि वाचायला लागले. कुलस्वामिनीपासून. मोठ्याने, प्रत्येक नाव. नाव आलं की तो तो भाऊ जरा ताठ बसायचा. आबांना वाचताना इतका आनंद झाला होता की ते पत्ताही वाचत सुटले, मंडपाच्या वेळेसकट.

शेवटी आलं 'आपले विनीत'. "सौ. व श्री. भिकन नथ्थू पाटील." आबा थांबले. पुन्हा वाचलं. मग वरखाली शोधलं.

"हिनं नाव कोठे शे?"

"कोनं, आबा?"

"पुष्पाबाईनं."

आबांच्या तोंडून बायकोचं नाव भावांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. घरात ती 'हाई', म्हणजे नुसती 'ही' असायची, गावाची अक्का.

"ते 'सौ.' शे ना आबा, त्या अक्काच शेतस," ज्योत्स्ना म्हणाली.

"सौ. हाई नाव शे का?"

आबांनी पडद्यावरच्या त्या 'सौ.'वर बोट ठेवलं.

"मांगली पत्रिकांमाबी असंच व्हतं?"

"व्हय आबा. तुम्हन्या सगळ्या पत्रिका मीच टाईप करेल शेतस."

आबा खुर्चीत मागे टेकले. मग भावांकडे न बघताच म्हणाले, "मी वाचतच नव्हतू. बारीक अक्षर माले दिखत नही. नुसती मान हालावू. माले वाटे, तिनं नाव व्हई."

अभिमनने खाली बघितलं. चष्म्यावरून बोलल्याचं त्याला फार वाईट वाटलं.

"भाऊ, पन रीत शे ती," सुकदेव नाना हळूच म्हणाले.

"मन्ही नातनी पत्रिका शे," आबा म्हणाले. "टाक पोरी. पुष्पाबाई. आनि पत्रिका आठेच व्हई, जयगावले नही." मग त्यांनी अभिमनला पिटाळलं, "जाय, अक्काले लई ये."

ज्योत्स्ना उभ्याउभ्याच टाईप करायला लागली. टेबलाला धक्के बसत होते आणि पडद्यावरची अक्षरं जरा डुलत होती. 'सौ. पुष्पाबाई व श्री. भिकन नथ्थू पाटील.' इतक्या वर्षांत तिने किती नावं टाईप केली, पण हे टाईप करताना तिला जसं वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं.

अक्का आल्या, पदराला हात पुसत, काय चुकलं या काळजीत. आबा खुर्चीवरून उठले आणि त्यांना बसायला लावलं. भावांसमोर खुर्चीवर बसायचं म्हणून त्या अगदी कडेला टेकल्या. आबांनी बोट दाखवलं. अक्कांनी एकेक अक्षर जुळवत वाचलं, ओठ हलवत. वाचून झालं तरी त्या तिथेच बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

मग पदराने चेहरा पुसून म्हणाल्या, "आनि मन्ह्या जावा? त्या कोठे शेतस?"

आबांनी सुकदेव नानांकडे बघितलं. ज्योत्स्नाने नानांच्या नावापुढे जागा केली आणि कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली.

"नाना, काकूनं नाव सांगा."

सगळं गाव त्यांना मधल्या काकू म्हणायचं. नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. नाना छताकडे बघायला लागले, मग दाराकडे. कानापर्यंत लाल झाले. आपल्या बायकोचं नाव ते लग्नातल्या उखाण्यानंतर आजच घेणार होते, आणि तेही भावजयीसमोर. त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"केसरबाई," नाना पुटपुटले.

"जोरमा सांगा, भाऊजी," अक्का खुर्चीवरून म्हणाल्या. "पत्रिकामा छापानं शे."