गुंड्या जाळणारा माणूस

“थांबा, थांबा.” गिझलाननं हातातलं घड्याळ टेबलावर ठेवलं. “यामनाताई, दीड मिनिट झालं आणि तुम्ही नुसता दोराच सांगताय. माणसं कुठायत यात?”

यामना खोलीच्या मधोमध उभी होती आणि आपल्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. पस्तीस वर्षं त्या हातांत सुई होती. रेशमी दोऱ्याची गाठीवर गाठ घेत जेलाब्याच्या, म्हणजे टोपीवाल्या पायघोळ झग्याच्या, गुंड्या विणायच्या, वाटाण्याएवढ्या, एकीसारखी दुसरी. सेफ्रू गावातल्या बायका हे काम डोळे मिटून करतात. पण उभं राहून ते चारचौघांत सांगायचं म्हणजे भलतंच काहीतरी.

“माणसं म्हणजे कोण?” तिनं विचारलं.

“तुम्हाला अडवणारी! ऐकणाऱ्याला दोऱ्याचं काय करायचंय? कुणीतरी तुमची वाट अडवली आणि तरी तुम्ही पुढं गेलात, ते त्याला ऐकायचं असतं. बघा आठवून.”

भिंतीला टेकून बसलेल्या दहा बायकांत खसखस पिकली. सगळ्यांत वडील होत्या हादामावशी. त्यांनी तिथूनच हात हलवला.

“माझा सासरा घे गं. मातीत जाऊन तीस वर्षं झाली त्याला. काही बोललीस तरी उठून भांडायला यायचा नाही.”

“अडवायचा का तो तुम्हाला?”

“कसला अडवतोय! दिवसभर पत्ते कुटायचा. त्याला वेळ कुठं होता?”

गिझलानही हसली. पोरगी वाईट नव्हती. राबात शहरातून सहा बुधवार बस पकडून यायची आणि छोट्या धंदेवाल्यांना बोलायला शिकवायची. मधवाले, खोगीरवाले, चटईवाले, आणि या अकरा गुंडीवाल्या. शेवटी नगरपालिकेच्या सभागृहात प्रत्येकानं चार मिनिटं बोलायचं होतं. जो सगळ्यांत चांगला बोलेल, त्याला राबातच्या हस्तकला बाजारात वर्षभर गाळा मिळणार होता. गाळा मिळाला की व्यापाऱ्याच्या दारात ताटकळायला नको, तो फेकेल त्या भावाला माना डोलवायला नकोत. बायकांनी एकमतानं यामनाला पुढं केलं होतं, कारण तिला लिहितावाचता येत होतं.

“बरं, घरी काय म्हणतात?” गिझलाननं विचारलं. “नवरा?”

“तो काय म्हणणार? आळीची भट्टी चालवतो तो. पाव भाजतो लोकांचे.”

“कधी काही कुरबुर? तुमच्या कामावरून?”

यामनानं खूप आठवलं. मिलूदनं कधी कुरबुर केल्याचं आठवेना. उलट संध्याकाळी तोच तिला दोरा गुंडाळून द्यायचा.

“एकदा भट्टीच्या राखेत पडलं होतं माझं सामान,” ती म्हणाली. “दोरा, गुंड्या, सगळं.”

गिझलान पुढं सरकली. “भट्टीत? त्यानं टाकलं?”

पडलं, असं म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. मिलूद दुपारी तिची गुंड्यांची पेटी घेऊन येत होता, उंबऱ्याला अडखळला आणि पेटी भट्टीच्या तोंडाशी राखेत उपडी झाली. मग दोन संध्याकाळी पायरीवर बसून, ओल्या फडक्यानं एकेक गुंडी पुसून त्यानं ती परत केली होती. हे सगळं यामनाच्या जिभेवर होतं. पण दहाही बायका बोलायच्या थांबल्या होत्या आणि गिझलानचे डोळे भरून आले होते. सहा बुधवारांत पहिल्यांदाच यामनाकडं कुणीतरी असं कान देऊन बघत होतं. तिनं मान खाली घातली.

“नका बोलू. कळलं मला,” गिझलान तिचा हात धरून म्हणाली. “हेच सांगायचं. फक्त हेच.”

परतताना हादामावशींनी तिला गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

“मिलूदनं? आपल्या मिलूदनं?”

“जाऊ द्या ना मावशी.”

“घराच्या आत काय चालतं ते बाहेरून थोडंच दिसतं बाई!” मावशी म्हणाल्या आणि तिची पाठ थोपटून गेल्या. त्या थोपटण्यानं यामनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती बोलली नाही.

पुढचे आठ दिवस ती गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड उभी राहून पाठ करत होती. खालून मिलूदचा आवाज यायचा.

“अगं, कुणाशी भांडतेस?”

“भांडत नाही. पाठ करतेय.”

“मग मोठ्यानं कर की! शेजाऱ्यांनाही पाठ होऊ दे.”

त्याला कोण अभिमान! भट्टीवर येईल त्याला सांगायचा, माझी बायको सभागृहात बोलणार आहे, माइकवर. यामनानं त्याला बजावलं होतं, “तुम्ही येऊ नका. तुमच्यासमोर मला शब्द फुटायचा नाही.” “बरं बाई, नाही येत,” तो म्हणाला होता.

आणि तो आला. भट्टी बंद करून, दाढी करून, ईदचा जेलाबा घालून शेवटच्या रांगेच्या मागं भिंतीला पाठ लावून उभा राहिला. यामनाला तो दिसला तेव्हा तिची दोन वाक्यं बोलून झाली होती. तिसऱ्या वाक्यापाशी ती अडली. ते वगळता आलं असतं का? ते वगळलं तर चार मिनिटांत उरत काय होतं? दोरा. पहिल्या रांगेत दहा बायका जीव मुठीत धरून बसल्या होत्या.

“एका संध्याकाळी,” ती म्हणाली, “माझ्या नवऱ्यानं माझ्या सगळ्या गुंड्या भट्टीत टाकल्या.”

मिलूदनं आधी उजवीकडं पाहिलं, मग डावीकडं. ही कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलतेय, ते शोधत असावा. मग त्याला उमगलं आणि त्याची मान हळूहळू थांबली. यामनानं त्याच्याकडं पाहणं सोडून दिलं आणि पुढचं सगळं घडाघडा म्हटलं. ती राखेतून कशी उठली, दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा सुई कशी हातात घेतली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबत आल्या तेव्हा मागं एकट्या मिलूदच्या सुरू झाल्या.

गाळा त्यांना मिळाला. हादामावशी रडल्या, गिझलान रडली, सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

घरी मिलूदनं वाटीत पाव बुडवून खाल्ला.

“छान बोललीस,” तो म्हणाला. “पार मागपर्यंत ऐकू येत होतं.”

बस. एवढंच. त्यानं भांडावं, ताट भिरकावावं, निदान एकदा ‘का’ म्हणून विचारावं, म्हणून ती रात्रभर कूस बदलत राहिली. तो मात्र पहाटे नेहमीसारखा उठून भट्टी पेटवायला गेला.

भट्टीवर रोज सकाळी कच्च्या पावांच्या साठ-पासष्ट लाकडी फळ्या यायच्या. घरोघरच्या बायका कणीक मळून, पाव थापून, फडक्याखाली झाकून पाठवायच्या. कुठला पाव कुणाच्या घरचा, हे मिलूद नुसत्या थापण्यावरून ओळखायचा. त्या आठवड्यात फळ्या पन्नासावर आल्या. पुढच्या आठवड्यात तीस. बायका फळी डोक्यावर घेऊन त्याच्या दारावरून जायच्या, चांगल्या ठसक्यात, आणि चढण चढून वेशीजवळच्या दुसऱ्या भट्टीवर पाव टाकायच्या. शेजारीण यामनाला हरिराचं, डाळीच्या दाट सुपाचं, भांडं आणून द्यायची आणि म्हणायची, “खा गं. तू फार सोसलंस.” ते हरिरा ती तसंच झाकून ठेवायची.

“आज कमी फळ्या होत्या का हो?” ती विचारायची.

“हल्ली लोक दुकानातला पाव खातात,” मिलूद म्हणायचा.

तिला लाज वाटत होती, आणि तिची तिलाच चीड येत होती. एवढ्या गरीब माणसावर आपण ही राख उधळली, कशासाठी? टाळ्यांसाठी? नाही, गाळ्यासाठी, असं ती स्वतःला सांगायची. पण टाळ्याही गोड लागल्या होत्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका गुरुवारी सकाळी तिनं डोक्यावर रुमाल बांधला आणि सरळ भट्टीकडं निघाली. चारचौघांत खोटं बोलले, आता चारचौघांतच खरं सांगायचं. गाळा गेला तर गेला. वाटेत ती तेही पाठ करत होती: तो अडखळला, पेटी पडली, त्यानं एकेक गुंडी पुसून दिली.

ती दारात पोचली तेव्हा आत हाज बुअज्जा उभे होते. आळीतले सगळ्यांत वयस्कर. बगलेत काठी आणि हातात त्यांची स्वतःची फळी. मागं दोघी-तिघी बायका, आणि कंबरेवर हात ठेवून हादामावशी.

“मिलूद,” हाज म्हणाले, “तुझ्या बापाच्या हातचा पाव खाल्लाय मी. ही फळी आज कुठं न्यायची ते मला ठरवायचंय. खरं काय ते सांग. जाळल्यास तू तिच्या गुंड्या?”

“हाज, माझं ऐका,” यामना दारातून म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मिलूदनंही पाहिलं. तिचा चेहरा, तो घट्ट बांधलेला रुमाल, हे सगळं त्यानं एकदा नीट बघून घेतलं. मग लांब दांड्याचं फावडं भट्टीत सारलं आणि विस्तवाकडं तोंड करून तो बोलला.

“जाळल्या, हाज. डोकं फिरलं होतं माझं. अल्लाह माफ करो.”

“मेल्या!” हादामावशी कडाडल्या. “बोटं झिजली रे तिची! डोळे गेले! आणि तू पोटभर पाव खातोस वर!”

“बोला मावशी. तुमचा हक्कच आहे.”

मावशी बोलल्या. चांगल्या पोट रिकामं होईपर्यंत बोलल्या. मिलूद पाव फिरवत ऐकत राहिला. यामनाचं तोंड उघडलं होतं, पण त्या आवाजात ती दोनदा बोलली ते कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि तिसऱ्यांदा ती बोलली नाही.

शेवटी हाजनी हातातली फळी कट्ट्यावर ठेवली.

“कबूल केलंस, हे बरं केलंस,” ते म्हणाले. “नीट भाज. करपवू नकोस.”

हादामावशी फणफणत गेल्या, पण त्यांच्या मागच्या बाईनं आपली फळी तिथंच ठेवली. मग दुसरीनंही.

दोघंच उरले. यामना लाकडांच्या मोळीवर बसली.

“असं का सांगितलंत तुम्ही?”

“मग काय सांगू? माझी बायको खोटं बोलते?”

“मी खरं सांगायलाच आले होते.”

“ते कळलं मला. दारात उभी राहिलीस तेव्हाच कळलं.” त्यानं एक पाव उलटून खालून बोटानं वाजवून पाहिला. “त्या गाळ्यावर अकरा घरं आहेत, यामना. तुझं एकटीचं असतं तर बोलू दिलं असतं.”

“आणि तुमचं?”

“माझं काय? लोक थोडे दिवस बोलतील. बघितलंस ना, फळ्या ठेवून गेले. कबूल करणाऱ्यावर माणसं फार दिवस रागवत नाहीत.” त्यानं पाव परत आत सरकवला. “उद्या राबातची माणसं येणारेत म्हणे, गाळ्यासाठी फोटो-बिटो घ्यायला. मलाही विचारतील. तुझं एक आणि माझं भलतंच असं व्हायला नको. कुठल्या वारी जाळल्या मी?”

यामनानं त्याच्याकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचं होतं. आता नाही म्हणायला हवं होतं. हात धरून, पुरे झालं, म्हणायला हवं होतं. तिच्या डोळ्यांसमोर राबातचा गाळा आला, तिथं ओळीनं मांडलेल्या गुंड्या आल्या, हादामावशींचं ओलं तोंड आलं.

“गुरुवारी,” ती म्हणाली.

“किती होत्या?”

“दोनशे.”

“दोनशे! अरे बापरे.” तो विस्तवाकडं वळून पुटपुटू लागला. “गुरुवारी संध्याकाळी मी हिच्या दोनशे गुंड्या...” पुढं त्याला जमेना. हसूच फुटलं, खांदे हलायला लागले. “अगं, दोनशे गुंड्या जाळणारा माणूस कसा असेल गं?”

यामनाला हसू आलं नाही.

“हसू नका,” ती म्हणाली. “ते सांगताना हसू नका.”

मिलूदनं खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं, तिच्याकडं वळून सरळ उभा राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.