राणीसरकारांना हात नव्हते

बेबीच्या घरात कुणी कुणाचा हुक फुकट लावून देत नसे. प्रत्येक हुकामागे एक शेरा ठरलेला. लहानपणी आई लावायची. "अंग वाढतंय, अक्कल कधी वाढणार?" म्हणायची आणि खसकन ओढायची. पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी आली आणि ते खातं वहिनीकडे गेलं. वहिनी मागे उभी राहिली की आधी एक लांब सुस्कारा टाकायची. मग, "श्वास आत घ्या वन्सं. अजून घ्या. अहो, पोट आत घ्या म्हटलं, खांदे कशाला वर नेताय?" एरवी ती बेबीला 'बेबी'च म्हणायची. 'वन्सं' फक्त तोंडाला चव आली की. आणि पाठ वळवून उभी असलेली बाई उत्तर तरी काय देणार? मान वळवली की चेन अडकते.

त्यामुळे शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यातली कॉलर कापायची नोकरी सोडून बेबीने स्वतःचा ब्रँड काढला, तेव्हा त्यामागचा विचार तिला शोधत बसावं लागलं नाही. तो तिच्या पाठीवरच होता. हल्ली कपडा नुसता शिवून भागत नाही, त्याच्यामागे विचार लागतो. कपड्यांच्या प्रदर्शनात तिच्या शेजारी बसणाऱ्या एकीचा विचार होता 'शांतता'. ती सगळं राखाडी शिवायची आणि गिऱ्हाइकाने काही विचारलं की नुसती बघत राहायची. पलीकडचीचा विचार 'अपूर्णता'. तिचं कडा शिवायचं मशीन बिघडलं, तेव्हा सुचला होता तो. पुढे मशीन सुधारलं, पण विचार काही सुधारेना.

बेबीने नाव ठेवलं 'आपली आपण'. हुक नाही, चेन नाही, पाठीवर एकही बटण नाही. कुणाचीही मनधरणी न करता बाईने आपला कपडा आपण घालायचा, आपण काढायचा. वहिनीने ते लेबल वाचलं आणि म्हणाली, "छान आहे. कुणावर आहे ते कळलं."

दादाच्या घराच्या वरच्या खोलीत कारखाना थाटला. एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, कापडांचे तागे आणि मधोमध राणीसरकार. राणीसरकार म्हणजे कपडे चढवायचा पुतळा. बारीक कंबर, ताठ मान, डोक्याच्या जागी लाकडी बोंड आणि खाली एक लोखंडी पाय. बेबी सगळं राणीसरकारांच्या अंगावरच बेतायची. राणीसरकार सुस्कारा टाकत नसत, 'पोट आत घ्या' म्हणत नसत. इतका गुणी माणूस त्या घरात दुसरा नव्हता.

असं चाललेलं असताना एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या मॅडम माल बघायला येते म्हणाल्या. आवडला तर दुकानातली एक अख्खी भिंत 'आपली आपण'ला. नाही आवडला तर बेबीने दादाला शब्द दिला होता: खोली रिकामी आणि परत कॉलरी.

मॅडमसाठी बेबीने आपलं सगळं डोकं एका झग्यात ओतलं. निळा, पायघोळ, आणि सगळी करामत एका पट्ट्यात. पट्टा डाव्या बाहीतून निघायचा, पाठीवरून कमरेच्या फटीत शिरायचा आणि उजव्या बाहीत जाऊन संपायचा. ओढला की झगा अंगासरशी बसायचा. राणीसरकारांवर तो उशीच्या अभ्र्यासारखा सुळकन चढला. बाह्यांत कागद कोंबून फोटोसुद्धा काढले. बेबीने लगेच तसाच आणखी एक स्वतःच्या मापाचा शिवला.

ठरलेल्या सकाळी तिला वाटलं, मॅडम आल्या की आपणच हा घालून दारात उभं राहावं. माप तर आपलंच आहे. तिने डोकं आत घातलं, दोन्ही हात बाह्यांत सारले आणि वर केले. पट्टा कमरेला करकचून बसला. म्हणून हात खाली घेतले, तर गळा डोळ्यांच्याही वर चढला. एक हात सोडवावा म्हणून तिने दुसरा ओढला, तसं पहिल्या हाताचं कोपर कानाशी जाऊन टेकलं. हातपाय मारावेत तर हात उरले नव्हते. ती स्वतःभोवती गिरकी घेऊन इस्त्रीच्या टेबलावर आदळली आणि नेमकी तेव्हाच मॅडम दोन जिने चढून उघड्या दारातून आत आल्या. वेळेआधी.

बेबी होती तिथे थिजली. डोळ्यांपुढे नुसता निळा अंधार, गळ्यातून जेमतेम एका डोळ्यापुरती फट.

"कुणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

कोण आहे म्हणून सांगणार? 'आपली आपण' आहे, पण आपल्याच कपड्यात अडकलीय?

मॅडम फिरू लागल्या. त्यांनी राणीसरकारांना बघितलं, मग बेबीकडे वळल्या. झग्याची कड उचलली, शिवण नखाने खरवडून पाहिली, कमरेला चिमटा काढला. बेबीने हूं की चूं केलं नाही. मग मॅडमनी कुणाला तरी फोन लावला. "हो, पोचले. मालकीण कुठे दिसत नाही. शिवण चांगली आहे गं. कापडही चांगलं. फक्त दुसरा पुतळा बेढब आहे, कुठून आणलाय कोण जाणे."

हा शेरा बेबी गिळत होती, तेवढ्यात कापडाचा एक तंतू नाकात गेला आणि बेढब पुतळा शिंकला.

मॅडमनी किंकाळी फोडली. फोन खाली पडला. मग त्यांनी चष्मा चढवला, जवळ आल्या, फटीतल्या डोळ्यात बघितलं आणि आवाज एकदम हळू करून म्हणाल्या, "थांबा, सांगू नका. ही मांडणी आहे ना? बाई आणि तिच्यावरचं बंधन?"

भिंत हाताशी आली होती. बेबी म्हणाली, "हं."

"काय विचार आहे हो!" मॅडमनी पर्स खाली ठेवली. "मला हे अनुभवायचंय." आणि बेबीने आतून "अहो नको, अहो ऐका" म्हणेपर्यंत त्यांनी राणीसरकारांच्या अंगावरचा झगा ओढून काढला आणि स्वतःच्या डोक्यात घातला.

थोडा वेळ कापडाची झटापट ऐकू आली. मग खुर्ची पडली.

"अहो," झग्यातून मॅडमचा आवाज आला, "आता काढायचा कसा?"

"तुमचा कुठला हात मोकळा आहे?"

"एकही नाही. तुमचा?"

"माझाही नाही."

बेबीला फटीतून उघडे पडलेले राणीसरकार दिसले. ताठ मान, बारीक कंबर आणि खांद्यांच्या जागी नुसत्या दोन गोल चकत्या. बेबी बघतच राहिली. इतके महिने ज्या बाईवर तिने आपले कपडे बेतले, त्या बाईला हातच नव्हते! ती कशाला अडकेल? तिने उभ्या जन्मात कधी हात वर केला नव्हता.

आता एकच उपाय होता, आणि तो खाली बसून केसांना रंग लावत होता.

"वहिनीऽऽ!"

"काय गं?"

"जरा वर ये."

"माझ्या हाताला रंग लागलाय. आपली आपण कर ना काय ते!"

"वहिनी, पाया पडते!"

वहिनी हात धुऊन, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून, सावकाश वर आली. दारात उभी राहून तिने दोन निळी गाठोडी डोळे भरून पाहिली. सुस्कारा टाकला. "यातली आपली कुठली?"

"इकडची," बेबी म्हणाली.

"मग आधी पाहुण्यांना सोडवते. तुम्ही थांबा वन्सं, तुम्हाला कुणाची गरज नाही."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा केस उभे, चष्मा एका कानावर. मागोमाग बेबी निघाली, लालबुंद. मॅडम केस चापत म्हणाल्या, "ते बंधन वगैरे..."

खोटं पुढे रेटायला अजूनही वाव होता. पण वहिनी समोर उभी होती, आणि वहिनीसमोर असला विचार टिकत नाही. "नाही हो," बेबी म्हणाली. "अडकले होते नुसती. हा मी हात नसलेल्या पुतळ्यावर शिवला."

मॅडमनी चष्मा सरळ केला. "पुढच्या आठवड्यात पुन्हा येते. एकटीने घालता आणि एकटीने काढता आला, तर भिंत तुमची. नाहीतर निदान ते नाव तरी बदला."

मग काय, आठवडाभर राणीसरकार भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांच्या जागी वहिनी आली. बेबीला बाहेरून बघता यायला हवं होतं, आणि हात असलेली दुसरी बाई घरात नव्हती. बेबीने पट्टा मधोमध कापला, दोन केले, पुढे आणले. वहिनी हात वर करायची, खाली करायची आणि तोंड चालूच ठेवायची. "इथे टोचतंय. इथे ओढतंय. काखेत काय पोतं शिवलंयस? आता मी वरच्या फळीवरचा डबा काढते, बघ. बघ, गेला पट्टा गळ्यात! मेले असते." बेबी दातओठ खात उसवायची आणि पुन्हा शिवायची. शेवटी वहिनीने एकदा झगा घातला, काढला, घातला, आणि काही बोललीच नाही. बेबीला वाटलं, तब्येत बिघडली.

मॅडम आल्या त्या दिवशी खोलीत झगाच नव्हता. वहिनीही नव्हती. बेबीने ताग्यांखाली बघितलं, टेबलाखाली बघितलं. मॅडम घड्याळ बघू लागल्या. "नमुना तयार नसेल तर स्पष्ट सांगा."

"तयार आहे हो, इथेच होता..."

खाली स्कूटर थांबली. निळा झगा, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, दातांत किल्ली, अशी वहिनी जिना चढून आली.

"कुणी बांधून दिला?" मॅडमनी दारातच विचारलं.

वहिनीने किल्ली काढली. "कुणी म्हणजे? माझे हात काय भाड्याने दिलेत?"

"काढता येतो?"

"इथेच काढून दाखवू? मी काय छत्री आहे?" असं म्हणून ती कोपऱ्यात लावलेल्या पडद्याआड गेली.

दोघी बाहेर कान लावून उभ्या. आत सळसळ झाली. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही. बेबीच्या डोळ्यांसमोर कॉलरी नाचू लागल्या.

"वहिनी, अडकलीस का गं?"

"नाही गं, केव्हाच निघाला."

"मग काय करतेस?"

"परत घातला. सोडवतच नाही बघ मेला."

मॅडमनी पडदा जरा बाजूला करून बघितलं. वहिनी आरशासमोर हात वर करून एकटीच वळत होती. मॅडमनी पडदा सोडला, पर्समधून मोजपट्टी काढली आणि बेबीला म्हणाल्या, "दुकानातली खिडकीजवळची भिंत देते. पण हाच नमुना पाहिजे मला."

"दुसरा शिव त्यांना," पडद्याआडून आवाज आला. "हा मी घालून चाललेय."